परत आलेली मेल

सोमवार, ६ जानेवारी

मेघानं ही वही आणून दिली. म्हणाली, "राग आला की हात नको चालवू, पेन चालव." बायको शाळेत मास्तरीण असली की नवऱ्यालेही गृहपाठ मिळते. मागच्या नोकरीत मी मॅनेजरले कीबोर्ड फेकून मारला होता. त्याच्या भुवईवर तीन टाके पडले अन् माही नऊ वर्षांची नोकरी त्या तीन टाक्यांत गेली. चूक त्याचीच होती असं मी आजही म्हणतो, पण मेघा म्हणते ते नको लिहू, पुढचं लिही.

तं पुढचं. काम मिळालं आहे, तीन महिन्यांचं. नागपूरजवळ वाडीले शरच्चंद्र गिरडकरांचं ट्रान्सपोर्ट आहे. खाली गोडाऊन, वर ऑफिस, चाळीस ट्रक. सगळे त्यायले शेठ म्हणतात. त्यायचे भाव कोणीतरी बाहेर फोडले, तवापासून त्यायले बाहेरच्या मेल कंपनीवर भरोसा नाही. स्वतःचा मेल सर्व्हर पाह्यजे. "माह्या गोष्टी माह्या घरात राह्यल्या पाह्यजेत," म्हणाले. म्हटलं, मशीन तुमच्याच छताखाली ठेवू अन् समोर फायरवॉल लावू. ते काय असते, विचारलं. म्हटलं, गेटवरचा चौकीदार. कोण आत येईन, कोण बाहेर जाईन, तोच ठरवते. शेठ लय खुश झाले.

सर्व्हरले गोडाऊनच्या कोपऱ्यातली काचेची खोली दिली. ऑफिसात दोघांशी काम पडन. सोनिका, बुकिंगची क्लार्क, कन्हानवरून येते, सव्वीस-सत्तावीसची असन, कामाची पक्की. अन् गोलू, गोडाऊनचा सुपरवायझर. तोंडात सदा तंबाखूचा खर्रा, शेठसमोर सदा मान खाली. असे लोक मले पाहूनच चीड येते.

गुरुवार, ९ जानेवारी

फायरवॉल उभी झाली. शेठच्या हुकमानं सगळं बंद केलं. बाहेरची मेल बंद, व्हॉट्सॲप बंद, फाईल चढवायच्या साईट बंद. ऑफिसातून बाहेर जायले एकच दार उघडं, आपला मेल सर्व्हर. काम असं सफाईदार झालं की मलेच मोठं वाटलं.

मंग इंटरनेट कंपनीचा माणूस आला. त्याच्याकडे एकच काम होतं. आपण मेल पाठवली की समोरचा सर्व्हर आपल्या लाईनच्या नंबरले उलटं विचारते, तुह्यं नाव काय? नाव सांगता आलं नाही तं बरेच सर्व्हर, खास करून सरकारी, मेल दारातूनच परत करतात. ते नाव इंटरनेट कंपनीलेच लावावं लागते. दोनदा फॉर्म भरला होता. हा पठ्ठ्या खर्रा चघळत म्हणते, "हो जाएगा भैया, फॉर्म भर दो." म्हटलं, भरला आहे बे. तं म्हणते, "फिर से भर दो ना."

माही सटकली. गचांडी धरून भिंतीले लावला अन् कानाखाली एक दिली. दुसरी देणार होतो, गोलूनं हात धरला. माणूस शिव्या घालत गेला. नाव काही लागलं नाही. आता मी त्याच्या ऑफिसात जाऊन माफी मागणार नाही, हे पक्कं.

शनिवार, ११ जानेवारी

आज गोडाऊनात वाईट झालं. कवडू म्हणून हमाल आहे, पन्नाशीचा, सकाळीच त्यानं मले सर्व्हरचा रॅक उचलायले मदत केली होती. दुपारी मोबाइलच्या मालात चार पेट्या कमी भरल्या. शेठ खाली आले. ट्रकचा टायर खोलायचा लोखंडी टॉमी पडला होता, तो उचलला.

मी काचेच्या खोलीत वायरी लावत होतो. एसीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. बाहेर आलो तवा सगळं होऊन गेलं होतं. कवडू पोत्यांच्या थप्पीजवळ पडला होता. पहिला टॉमी गुडघ्यावर बसला, तिथं तो खाली आला, मंग कोपरावर, मंग पाठीवर तीन-चार. तो दर वेळी "मालक, मोजून पाहा" म्हणत होता. शेवटचा डोक्यावर बसला तवा त्याचं बोलणं बंद झालं अन् पाय आपोआप हलत राह्यले. असं लोक सांगतात. शेठनं टॉमी पोत्याले पुसला अन् गोलूले म्हणाले, "फरशी धुऊन काढ." गोलूनं पाइप लावला. गुलाबी पाणी माह्या खोलीच्या उंबरठ्याले येऊन थांबलं. सर्व्हर खाली ठेवला असता तं गेला असता.

कवडूले टेम्पोत टाकून दवाखान्यात नेलं. मी काय करू शकत होतो? सगळं झाल्यावर आलो. मेघालेही हेच सांगतलं. ती पोळ्या लाटत राह्यली.

मंगळवार, १४ जानेवारी

कवडू काल गेला. शुद्धीवर आलाच नाही. शेठनं सगळ्यायच्या सह्या घेतल्या, ट्रकवरून माल उतरवताना तोल जाऊन पडला म्हणून. पोलीस येऊन कागद घेऊन गेले. माह्याजवळ कोणी सही मागतली नाही, मी बाहेरचा. बरं झालं.

कवडूची बायको पुष्पलता सकाळपासून गेटसमोर बसली होती. ती एकच गोष्ट म्हणत होती, "पडला तं पडताना पाह्यलं कोणी, त्याले माह्यासमोर आणा." कोणी गेलं नाही. दुपारी शेठच्या माणसांनी तिले दंडाले धरून रस्त्याच्या पलीकडे नेऊन बसवलं. ती परत आली. मंग तिले ढकललं, नालीच्या कठड्यावर तिचं कपाळ फुटलं. तवा कुठं ती गेली.

शेठचे नवे नियम: सगळ्यायचे मोबाइल गेटवर पेटीत. पेन ड्राइव्ह सगळ्या कॉम्प्युटरवर बंद, ते मीच केलं. कॅमेऱ्याच्या मशीनमधलं जुनं रेकॉर्डिंग साफ, ते गोलूनं केलं.

सोनिका चहा घेऊन आली तवा हळूच म्हणाली, "सर, तुम्ही तं होतेच ना तिथं." मी म्हटलं, होतो म्हणजे काय? मी आतमध्ये होतो, झाल्यावर बाहेर आलो. ती "हं" म्हणाली. ते "हं" असं काही होतं की मी हातातली पक्कड भिंतीवर फेकली. ती बिचकली नाही, कप उचलून गेली. उगाच लोक माणसाच्या डोक्यात जातात.

गुरुवार, १६ जानेवारी

सर्व्हर सुरू झाला. गुरुवार शेठचा चांगला दिवस. मशीनले हार घातला, कुंकू लावलं, नारळ थेट रॅकवर फोडायले निघाले होते, मी कसाबसा बाजूले नेला. पहिली मेल शेठनं स्वतःलेच पाठवली.

मंग मले केबिनमध्ये घेतलं. म्हणाले, "जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक कॉपी मले आली पाह्यजे. कोण काय लिहून राह्यलं, मले समजलं पाह्यजे." मी म्हटलं, शेठ, हे माह्याच्यानं होणार नाही. पोस्टमन चिठ्ठ्या फोडत नाही. एवढं एक तत्त्व माह्यं आहे. शेठचे डोळे बारीक झाले. मले वाटलं आता उठते हा माणूस. तं मी म्हटलं, त्यापेक्षा तुम्हाले सर्व्हरचं सगळ्यात मोठं पद देतो. प्रत्येक मेल सर्व्हरले एक पोस्टमास्तर लागते. ते खातं सगळ्यायच्या वर असते, सर्व्हरच्या तक्रारी त्याच्याच नावानं येतात. ते तुमचं.

"पोस्टमास्तर गिरडकर," शेठ म्हणाले. दोनदा म्हणाले. मंग हसले. मालकाले मालकपण दिसलं पाह्यजे, बाकी त्यायले काय समजते? खरं पाह्यलं तं त्या खात्यात कचरा येते, मशीनच्या बारीकसारीक कुरबुरी. सापही मेला अन् काठीही शाबूत राह्यली. घरी येऊन मेघाले सांगतलं तवा पहिल्यांदा ती हसली.

शनिवार, १८ जानेवारी

हसू दोनच दिवस टिकलं. शेठनं गोलूच्या खात्यातून एका सरकारी गोडाऊनले भाव पाठवले होते, ती मेल परत आली. परत आल्याचा निरोप ज्याच्या खात्यातून गेली त्यालेच येते, म्हणजे गोलूले, अन् गोलूनं पाह्यलाच नाही. शेठनं टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून गोलूले मारला. खांद्यावर लागला. दुसरी गोष्ट हाताले लागली ती स्टेपलर, ती तोंडावर. गोलूच्या ओठातून रक्त आलं अन् तो तसाच उभा राह्यला, "चुकलं शेठ, चुकलं शेठ." मी पाहत होतो अन् मले राग कोणाचा आला, तं गोलूचा. माणसानं असं मार खात उभं राहावं काय?

मंग शेठ माह्याकडे वळले. "मेल परत आली तं मले समजलं पाह्यजे." म्हटलं, समजन. परत आलेल्या मेलची वर्दी आता पोस्टमास्तरलेही जाईन असं करून दिलं. कोणी पाठवली, कोणाले पाठवली, विषय काय, बस एवढंच. आतला मजकूर नाही. तत्त्व तिथंच्या तिथं.

मेल परत काहून आली ते मले माहीत आहे. ते उलटं नाव अजून लागलं नाही. इंटरनेटवाल्याचा फोन लावला, माह्यं नाव ऐकून त्यानं कापला.

मंगळवार, २१ जानेवारी

सोनिका जेवायच्या सुट्टीत काचेच्या खोलीत आली. तिनं कधी नाही ते खुर्ची ओढली अन् बसली. विचारते, "सर, मेलसोबत किती मोठी फाईल जाते?" म्हटलं, दहा एमबी. "त्याच्या वरची तुकडे करून पाठवली तं?" म्हटलं, जाते.

मंग म्हणाली, "आपण पाठवलेली मेल इथं कोणाले दिसते का?" मी छाती पुढं काढून सांगतलं, शेठनं मागतलं होतं, मीच नाही म्हटलं. माह्या सर्व्हरवर दुसऱ्याची चिठ्ठी कोणी वाचत नाही. तिनं माह्याकडे थोडा वेळ पाह्यलं. "नक्की ना?" नक्की म्हटलं. "सरकारी ऑफिसात पोचते?" म्हटलं, न पोचायले काय झालं.

तिनं हात जोडून "थँक्यू सर" म्हटलं. हाताले घाम आला होता तिच्या, टेबलावर ओले ठसे उमटले. पोरगी सरकारी नोकरीचा फॉर्म भरून राहिली वाटते. भरो बिचारी. या नरकातून एक तरी सुटन.

गुरुवार, २३ जानेवारी

सोनिका कालही आली नाही, आजही नाही. गोलू म्हणते, ट्रकच्या फाळक्यात, मागच्या लोखंडी दारात, बोटं सापडली. बुकिंगची क्लार्क फाळक्याजवळ काहून गेली, विचारलं तं गोलूनं मान फिरवली.

शेठनं बोलावून सोनिकाचं खातं उडवायले सांगतलं. "नोकरी सोडली तिनं." उडवलं. आतलं काही पाह्यलं नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

कन्हानले तिच्या घरी जाऊन आलो.

उजव्या हाताची चार बोटं. दोन डॉक्टरनं कापली, दोन आहेत पण हलणार नाहीत. मंगळवारी सहाले सुट्टी झाली तवा तिले खाली बोलावलं. शेठ अन् त्यायचे दोघं जण. तिचा हात ट्रकच्या मागच्या कडेवर ठेवला अन् लोखंडी फाळका वरून सोडला. पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. शेठ एकच विचारत होते, "दुसरी कॉपी कोणाजवळ आहे? तुले कोणी दिली?" तिनं नाव घेतलं नाही. तिसऱ्यांदा ती बेशुद्ध पडली.

फॉर्म नव्हताच तो. कवडूले मारल्याचं कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग होतं. साफ करायच्या आधी कोणीतरी काढून ठेवलं अन् तिच्या कॉम्प्युटरवर टाकलं. बाहेर न्यायले मोबाइल नाही, पेन ड्राइव्ह नाही, दुसरी मेल नाही. उरला माहा सर्व्हर. पोलिसांच्या मोठ्या ऑफिसले पाठवलं, पुष्पलताच्या नावानं अर्ज लिहून. कवडूच्या मरणाचा तेवढाच पुरावा जगात होता; तिच्या कॉम्प्युटरवरून शेठनं तो पुसला अन् पोलिसांकडूनही कोणी आलं नाही.

"पाठवली अन् दोन तासांत शेठले माहीत," सोनिका म्हणाली. "कोणी सांगतलं असन, सर?"

मी म्हटलं, गोलूनं. चार वाजता तो केबिनमध्ये गेला होता, मी स्वतः पाह्यला. ती उठून बसली. "गोलूदादाचं नाव नका घेऊ. कोणाजवळच नका घेऊ." किती भेव घातलं आहे पोरीले या लोकांनी. तिची माय म्हणाली, वकिलाजवळ गेलो होतो, तो म्हणते पुरावा आणा. पुरावा कुठून आणू, बोटं आणू काय?

शनिवार, २५ जानेवारी

मेघा, ही वही आज पेन उचलायच्या आधीच हरली.

गोलू वाडी नाक्यावर खर्ऱ्याच्या टपरीवर उभा होता. मी गाडी लावली नाही, तशीच आडवी सोडली. पहिला बुक्का तोंडावर. तो टपरीच्या लाकडावर पडला, बाटल्या फुटल्या. कॉलर धरून उठवला अन् विचारलं, सोनिकाचं नाव तूच सांगतलं ना शेठले? त्यानं आजूबाजूच्या माणसांकडे पाह्यलं, ट्रान्सपोर्टचे दोन ड्रायव्हर उभे होते त्यायच्याकडे पाह्यलं, अन् तोंड मिटलं. खोटा माणूस असाच गप राहते. मी मारत गेलो. हेल्मेट होतं हातात. जबड्यावर बसलं तवा लाकूड मोडल्यासारखा आवाज आला अन् त्याचं खालचं तोंड एका बाजूले लटकलं. तरी त्यानं हात उचलला नाही. मी अजून दोन दिले. ड्रायव्हरांनी ओढलं नसतं तं आज तोही कवडूच्या मागं गेला असता.

अंगातून ताप उतरल्यासारखं वाटून राहिलं. खोटं काहून लिहू.

सोमवार, २७ जानेवारी

शेठनं केबिनमध्ये बोलावलं. मले वाटलं गेली नोकरी. तं पेढा पुढं केला. "गोलूचा जबडा तोडला म्हणते. काहून गा?" म्हटलं, जुनं भांडण होतं. शेठ खो खो हसले, पाठीवर थाप मारली. "मले असाच माणूस पाह्यजे. तीन महिने काय, कायमचा राहा. गोलूची जागा घे, गोडाऊनही तूच पाहा."

पेढा तोंडात होता. गिळला. मंग संडासात जाऊन ओकलो. मी तं सोनिकासाठी मारलं होतं. याले आनंद कशाचा झाला? ज्यानं चहाडी केली त्याचा जबडा तुटला अन् मालक पेढा देते, हे काही डोक्यात बसून नाही राहिलं.

बुधवार, २९ जानेवारी

बसलं.

अजून सरकारी ऑफिसची एक मेल परत आली, म्हणून मी परत आलेल्या सगळ्या मेलची यादी काढली. सर्व्हर प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवते, तारीख, वेळ, कोण, कोणाले. त्याच्यात ही दिसली.

२१ जानेवारी, चार वाजून बारा मिनिटं: सोनिकाची मेल, पोलीस ऑफिसले. त्याच मिनिटाले समोरून नकार, लाईनच्या नंबरले नाव नाही. परत. वर्दी पोस्टमास्तरले, अन् निरोप सोनिकाच्या पेटीत, तो तिनं उघडलाच नाही. चार एकोणीस: शेठच्या मोबाइलवरून पोस्टमास्तरची पेटी उघडली. विषय काय होता तोही त्या वर्दीत आहे: "हमाल कवडू यांना मारहाण करून ठार केल्याचा व्हिडिओ."

ती मेल नागपूरच्या बाहेर काय, वाडीच्याही बाहेर नाही गेली. माह्या सर्व्हरनं ती शेठच्या हातात नेऊन ठेवली. नाव लागलं नाही कारण मी त्या इंटरनेटवाल्याले मारलं. वर्दी शेठले गेली कारण मीच लावून दिली. अन् तिले नक्की म्हणून सांगणारा मीच. गोलूचा यात काडीचा संबंध नाही. चोर सोडून संन्याशाले सुळी म्हणतात, पण इथं तं चोरच सुळी घेऊन फिरत होता.

वहीचं पान फाटलं. मी फाडलं नाही, पेन दाबल्यानं फाटलं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

गोलूच्या घरी गेलो. एका खोलीत राहते, बायको दारातच आडवी उभी झाली, हातात लाटणं. मी म्हटलं, मारायचं असन तं मारा वहिनी, पण त्याच्याशी बोलू द्या. तिनं खरंच मारलं. खांद्यावर दोन. मंग बाजूले झाली.

गोलूचा जबडा तारांनी बांधला आहे, नळीनं पेज पिते. मी खाली बसून सगळं सांगतलं, पोस्टमास्तरपासून. तो डोळे न हलवता ऐकत होता. मंग मोबाइलवर टाइप करून माह्यापुढं धरला.

"व्हिडिओ मीच काढून देला होता तिले."

मी म्हटलं, तं तू टपरीवर बोलला काहून नाही? मी तुले मारून टाकलं असतं.

त्यानं बराच वेळ टाइप केलं. "शेठचे ड्रायव्हर उभे होते. बोललो असतो तं शेठले समजलं असतं मी देला. पोरीनं बोटं देली पण माह्यं नाव नाही घेतलं. मी जबड्यासाठी घेऊ काय?"

या माणसाले मी तीन आठवडे मान खाली घालणारा म्हणून हिणवत होतो. पाय धरायले वाकलो, त्यानं पाय मागं घेतले. पुन्हा टाइप केलं, "व्हिडिओ गेला. आता काय." म्हटलं, गेला नाही. सर्व्हरची एक नक्कल दर बुधवारी मी डिस्कवर घरी आणतो. बावीस तारखेची घरी आहे. तिचं खातं मी त्याच्यानंतर उडवलं.

त्याचे डोळे भरले. रडताना जबडा ओढला जातो, त्याले लय दुखत होतं.

रविवार, २ फेब्रुवारी

आधी कन्हान. सोनिकाले सगळं सांगतलं. ती ऐकून म्हणाली, "मी तुम्हाले विचारलं होतं सर. तुम्ही नक्की म्हटलं होतं." बस, एवढंच. तिनं आरडाओरडा केला असता तं सोपं झालं असतं. डिस्क उद्या पोलिसात देतो म्हटलं. तिनं विचारलं, "पाह्यलं का त्याच्यात काय आहे ते?" म्हटलं, दुसऱ्याची मेल मी उघडत नाही. ती म्हणाली, "उघडा. पाहा, मंग ठरवा देता का नाही."

संध्याकाळी लावलं. मेघा मागं उभी होती.

सहा मिनिटांचं आहे. कॅमेरा वरून आहे, थप्पी दिसते, कवडू दिसते, शेठ टॉमी उचलताना दिसतात. अन् डाव्या बाजूले खांब आहे. खांबाजवळ मी आहे. काचेच्या खोलीत नाही. बाहेर. हातात निळ्या वायरीचं भेंडोळं. पहिला वार पडते तवा मी दोन पावलं पुढं येतो. शेठ माह्याकडे पाहतात. मी ती दोन पावलं मागं जातो. मंग चार मिनिटं मी तिथंच उभा आहे. कवडू एकदा माह्या दिशेनं हात करते. त्याच्या हातापासून मी कार्टनच्या दोन रांगा लांब आहे. शेवटचा वार झाल्यावर मी खोलीत जातो अन् दार लावतो.

या वहीत मी काय लिहिलं आहे ते मले माहीत आहे. मेघालेही तेच सांगतलं होतं. सोनिकानं तुकडे करताना ती बाजू कापली नाही. कापता आली असती.

मेघा म्हणाली, "हा तू आहेस." मी हो म्हटलं. ती माह्या शेजारी बसली. तिनं रागानं नाही विचारलं, खरंच विचारलं, "इंटरनेटवाल्यावर आला, गोलूवर आला. तवा तुले राग नाही आला का?"

नाही आला. भेव वाटलं. शेठनं पाह्यलं अन् मी मागं सरलो. तो माहा मालक होता, बाकी ज्यायले मी मारलं त्यायच्यातलं कोणीच नव्हतं.

व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर याच लॅपटॉपवर आहे. डाव्या बाजूचा पट्टा कापायले दोन मिनिटं लागली असती, कवडू अन् शेठ पूर्ण दिसले असते. मेघा माह्या बोटांकडे पाहत होती. मी लॅपटॉप बंद केला. पूर्णच जाईन.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात सकाळी दहाले गेलो. मेघानं शाळेतून सुट्टी घेतली. पुष्पलता सोबत आली, कपाळावरची पट्टी अजून आहे. सोनिकाले तिच्या मायनं आणलं. गोलूले येता येत नव्हतं, त्यानं कागदावर लिहून दिलं अन् खाली सही केली.

इन्स्पेक्टर पहिले टाळून राहिले होते, "केस बंद झाली आहे, ट्रकवरून पडला तो." मी लॅपटॉप त्यायच्या टेबलावर उघडला. पुष्पलताले बाहेर बसायले सांगतलं, ती हलली नाही. तिनं सहाही मिनिटं पाह्यली, पदर तोंडात धरून. "मालक, मोजून पाहा" म्हणताना आवाज नाही येत, पण ओठ हलतात, तिनं ते ओळखलं. "पेट्या मोजा म्हणते तो," म्हणाली.

इन्स्पेक्टरांनी दोनदा लावून पाह्यलं. मंग फोन केला. अर्ध्या तासात दोन गाड्या वाडीकडे निघाल्या. सोनिका खिडकीतून पाहत होती, बांधलेला हात छातीशी धरून.

मंग माह्यं बयान सुरू झालं. पोस्टमास्तरचं सांगतलं, वर्दीचं सांगतलं, गोलूचा जबडा मी तोडला तेही लिहा म्हटलं. शिपाई म्हणाला एका वेळी एकच गुन्हा सांगा. इन्स्पेक्टरांनी व्हिडिओ थांबवला अन् डावीकडे बोट ठेवलं.

"हा खांबाजवळ कोण आहे?"

पुष्पलता माह्याकडे वळली. तिले तोवर समजलं नव्हतं.

म्हटलं, मी आहे, साहेब. प्रशिक सोमकुवर.

"चार मिनिटं तुम्ही तिथं काय करत होते?"

म्हटलं, वायर धरून उभा होतो. त्यायनं मान वर करून एकदा पाह्यलं अन् तसंच लिहून घेतलं.